एक्केचाळीस टक्क्यांचं नाटक

मी ई-रीडर बोलतोय. ‘म्हणजे टॅबच ना?’ असं ज्यांच्या तोंडावर आलं असेल त्यांनी कृपा करून इथेच थांबावं. माझ्यात व्हिडिओ दिसत नाहीत, गाणी वाजत नाहीत, सकाळी सकाळी गुलाबाच्या फुलावर लिहिलेलं शुभप्रभात येत नाही. माझ्यात फक्त पुस्तकं असतात. मग सीवूड्सच्या या सोसायटीत मला कोण विचारणार! घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने मला उचललं, दोनदा बोट घासलं, ‘याच्यात कलर नाही?’ म्हणाला आणि खाली ठेवलं. माणसांबद्दलचं माझं मत तेव्हाच ठरलं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतो तो खोक्यातला अंधार आणि कुरियरवाल्याने मला दारावर आपटलं तो आवाज. मला विकत घेतलं अबोलीने, तेही मेलबर्नमध्ये बसून. जिने मला घेतलं तिने मला आजवर एकदाच हातात धरलंय, आणि ते का धरावं लागलं तेच मी सांगणार आहे.

अबोली म्हणजे दिनानाथची पुतणी. तिचे आई-वडील ती चौथीत असताना गेले, तिला वाढवलं काका-काकूंनी. दिनानाथ तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत फिटर होता, चौतीस वर्षं. येताना कंपनीच्या लायब्ररीतून तिच्यासाठी पुस्तक आणायचा आणि रात्रीच्या जेवणाआधी वाचून दाखवायचा. पुढे ती शिकली, उडाली. मीनाकाकू वारली. दिनानाथ चौथ्या मजल्यावर एकटा उरला, आणि अबोलीच्या मनाला जे खुपत होतं त्यावर तिने इलाज म्हणून मला पाठवलं.

पहिल्या दिवशी फोनवर जो तमाशा झाला तो काय सांगू!

“काका, वरच्या कोपऱ्यात टॅप कर.”

“कुठला कोपरा? माझ्या बाजूचा की तुझ्या?”

“तुझ्या रे! उजवा!”

“टॅप म्हणजे दाबायचं की ठोकायचं? आमच्यात दोन्ही वेगळं असतं.”

पण फिटरच तो. जुन्या कॅलेंडरच्या मागे त्याने माझा नकाशा काढला, बाण दाखवले, आणि आठवड्यात मला सरळ केलं. मग घरातला रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, म्हणून मीही पिशवीत. त्या पिशवीवरून तो बोट फिरवायचा आणि मला काही कळायचं नाही, तरी दोष माझाच. अखेर पिशवी काढली एकदाची. ती घडी करून कपाटात ठेवली, टाकली नाही.

पण वाचायचा, हे मान्य करतो. पहिलं दीड वर्ष तो मनापासून वाचायचा. अबोली तिकडून पुस्तक धाडायची, ते आपोआप माझ्यात उतरायचं, आणि हा जेवण आटपून गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा. हसायचा, लेखकाला शिव्या द्यायचा, एकदा तर चक्क डोळे पुसले. त्या काळात मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला.

घोळ झाला तो टक्क्यांमुळे. दिनानाथने कुठवर वाचलं ते अबोलीला तिच्या फोनवर दिसायचं. काल बावीस टक्के, आज सव्वीस. बास! बाईसाहेबांना वाटलं, काका खुशाल आहे. आधी रोज येणारा फोन रविवारवर आला. ऑफिसात ती मैत्रिणींना सांगे, “माझा काका पंच्याहत्तराव्या वर्षी महिन्याला तीन पुस्तकं वाचतो.” सांगताना फोनवरचा तो आकडाही दाखवायची म्हणे. आकड्यावर माया करणारी जात आहे ही, काय बोलायचं!

आणि एका रविवारी ती हसत हसत बोलून गेली, “काका, तू वाचतोयस तोवर मी निर्धास्त आहे हां. ज्या दिवशी वाचन थांबेल त्या दिवशी पुण्याच्या त्या वृद्धांच्या होममध्ये तुझं नाव घालणार.”

दिनानाथही हसला. फोन ठेवल्यावर मात्र त्याने घराकडे एकदा नजर फिरवली. मीनाने लावलेली गॅलरीतली जास्वंद, भिंतीवर टांगलेली पान्यांची पेटी, खाडीकडची खिडकी. हे घर सोडायची कल्पनाच त्याला सोसत नव्हती. आणि त्याच सुमाराला त्याला दिसेनासं होऊ लागलं होतं.

आधी अक्षर मोठं केलं. मग आणखी मोठं. शेवटी माझ्या अंगावर एका वेळी सात-आठ शब्द मावायला लागले. चष्मा बनियनला पुसायचा, मला उन्हात धरायचा, मान वाकडी करून कडेकडेने बघायचा. मग एक दिवस त्याने बघणंच सोडलं. मला मांडीवर ठेवलं, एक ते साठ मोजलं आणि कडेला टिचकी मारली. पुन्हा एक ते साठ. पुन्हा टिचकी. रोज दुपारी दोन तास, ड्युटी लावल्यासारखं. तिकडे मेलबर्नमध्ये टक्के वाढत होते आणि अबोली खूश होती.

रविवारी ती विचारायची, “कसं वाटलं पुस्तक?”

“छान आहे. भाषा ओघवती आहे.”

हे उत्तर न वाचलेल्या कुठल्याही पुस्तकाला चालतं, हे शेंबड्या पोराला कळेल. पण परदेशात मोठ्या पदावर असलेल्या पुतणीला नाही कळलं! एकदा त्याने मला उलटं धरलं. टिचक्या उलट्या पडल्या आणि सत्तर टक्क्यांवरून मी पन्नासवर आलो. लगेच तिचा मेसेज, तो फोननेच वाचून दाखवला: ‘काका, पुन्हा वाचतोयस? किती छान!’ मला तोंड असतं तर मी त्या दिवशी सोसायटी डोक्यावर घेतली असती.

एका माणसाला संशय आला होता. करावे गावची पुतळा नावाची मासेवाली, खाडीची मासळी घेऊन दारावर येते ती. दिनानाथ पूर्वी माशाचे कल्ले उघडून लाल आहेत का ते बघायचा आणि तिच्याशी तावातावाने भांडायचा. हल्ली नुसतं विचारायचा, “ताजा आहे ना गं?” ती त्याच्याकडे बघत राहायची. पण नवरात्र लागलं, घरात मासळी बंद, आणि नऊ-दहा दिवस तीही फिरकली नाही.

मग दसरा आला. कारखान्यातली सवय हाडात मुरलेली. दिनानाथ दर दसऱ्याला सगळे पाने, हातोडी, पक्कड घासूनपुसून पाटावर मांडतो, त्यांच्यासोबत मलाही. यंत्राची पूजा झाली की त्या दिवशी त्याला काम लावायचं नाही. अबोलीला हे ठाऊक होतं, त्यामुळे टक्के थांबले तरी ती घाबरली नाही. मागच्या दोन दसऱ्यांना कुंकू निदान माझ्या कपाळावर लागलं होतं. या वेळी त्याने मला भिंतीला उलटं टेकवलं आणि ओलं कुंकू अंगठ्याने दाबून लावलं, ते थेट चार्जिंगच्या भोकात. वर अक्षता. चौतीस वर्षं सूतभर इकडेतिकडे न झालेला हात तो. मला त्याची कीव आली, आणि कीव करणं मला अजिबात आवडत नाही.

दोन दिवसांनी मी मान टाकली. टक्के एक्केचाळीसवर अडकले. चौथ्या दिवशी मेलबर्नला जाग आली.

“काका, चार्जिंगला लावलास का?”

“वायर आत जात नाही गं.”

“व्हिडिओ कॉल करते. कॅमेरा खाली धर, मला ते भोक दाखव.”

दिनानाथने तिला पंखा दाखवला. मग मोरी दाखवली. “अरे काका, काय करतोयस!” ती वैतागली. तेवढ्यात दारात टोपली टेकली.

पुतळाने आत येऊन फोन त्याच्या हातातून काढून घेतला. “ए बाय, तू अबोली ना? मी करावेची पुतला. या भोकान कुंकू भरलाय. तुझ्या काकाला दिसत नाय, ठावं हाय का तुला?”

“पुतळा, मासे ठेव आणि नीघ,” दिनानाथ ओरडला.

“नाय जानार! मी येते तवा हा मांडीवर पाटी घेऊन मोजत बसलेला असतो. एक, दोन, तीन. वाचनारा मानूस कवा मोजतो का गो?”

मग अबोली म्हणाली, “काका, खरंय?”

दिनानाथ खुर्चीवर बसला. “खरंय. घाल आता नाव पुण्याला.”

“अरे, ते मी गमतीत म्हटलं होतं रे काका!” आणि ती रडायला लागली. हुंदके देऊन, लहान मुलीसारखी.

गमतीत! म्हाताऱ्याने त्या गमतीपायी सव्वा वर्ष अंधारात टिचक्या मारल्या. पुतळाने बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि माझ्या भोकातलं कुंकू कोरायला बसली. कुणी तिला सांगितलं नव्हतं.

अबोली दिवाळीच्या आधी आली. तेव्हाच तिने मला पहिल्यांदा हातात घेतलं. वाशीच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले. उजव्यात मोतीबिंदू, तो ऑपरेशन करून काढला. डाव्यात काचबिंदू, त्याला उशीर झाला होता. “वर्षभर आधी आणलं असतं तर हा डोळा वाचवता आला असता,” डॉक्टर म्हणाले. हे घरी आल्यावर तिनेच पुतळाला दारात सांगितलं, आणि सांगता सांगता ती उंबऱ्यावरच बसली. मी तिला मनसोक्त हसणार होतो, पण हसू आलं नाही. कारण तिकडे जो खोटा आकडा जात होता तो मीच पाठवत होतो. पुस्तकामागून पुस्तक मी शंभरावर नेलं आणि तेवढ्यात एक डोळा शून्यावर आला. इतरांना नावं ठेवणाऱ्या मला हे कुणाला सांगायचं तोंड नाही.

जाताना तिने काकासमोर होमचं नाव काढलं नाही. “इथेच राहा. पण मला खोटं सांगू नकोस,” एवढंच म्हणाली. “तूही रोज फोन कर,” तो म्हणाला.

काल डॉक्टरांनी नवा चष्मा दिला. आज दुपारी दिनानाथने गॅलरीत खुर्ची टाकली, मला सुलट धरलं, खात्री करायला दोनदा फिरवून पाहिलं, आणि थेट पुस्तकाच्या पहिल्या पानावर गेला. एक्केचाळीसवरून मी धाडकन खाली आलो. पाच मिनिटांत फोन वाजला.

“काका, टक्के खाली आले. उलटा तर नाही ना धरलास?”

“नाही गं. पहिल्यापासून वाचतोय. विश्वास नाही ना? मग ऐक.”

आणि तो मोठ्याने वाचायला लागला. अडखळत, एका डोळ्याने, एकेक शब्द जोडत. तिने फोन ठेवला नाही.

तेव्हा लोकहो, तुमच्यापैकी कुणी लांब बसून एखाद्या म्हाताऱ्याचे टक्के मोजत असाल, तर तो आकडा सोडा आणि फोन लावा. पुस्तक कसं आहे ते विचारू नका. वाचून दाखव म्हणा, आणि ऐका. आता बाजूला व्हा, उजेड अडवू नका. एक टक्का झालाय, आणि तो आम्ही दोघांनी खरा वाचलाय.