ओला अर्धा तास

नगरपालिकेत मी एकतीस वर्षं सभांची इतिवृत्तं लिहिली. तेवढ्या वर्षांत एकदाच एक शब्द लिहायचा राहून गेला. मुद्दाम नव्हे, असं मी तेव्हा सांगितलं होतं. आता निवृत्त झालोय, खोटं बोलायचं कारण उरलेलं नाही, तरी तेच सांगतो.

माझा थोरला भाऊ नळखात्यात फिटर आणि कर्मचारी संघटनेचा चिटणीस. फुटलेला पाइप जोडायला चरात उतरलेल्या माणसाला वर आल्यावर अंग पुसून कपडे बदलायला अर्धा तास मिळायचा. सगळे त्याला ‘ओला अर्धा तास’ म्हणायचे. कागदावर मात्र तो कुठेच नव्हता. एका वर्षी एका नव्या मुकादमाने तो नाकारला, दादा ओल्या कपड्यांनीच दुसऱ्या चरात उतरला आणि न्यूमोनिया होऊन एकोणीस दिवस इस्पितळात पडला. म्हणून पुढच्या वर्षीच्या पगारवाटाघाटीत संघटनेची पहिली मागणी पगाराची नव्हतीच. अर्धा तास लेखी द्या, एवढीच होती.

वाटाघाटी कशा करायच्या हे ठरवायला पालिकेच्या समितीची बंद दाराआड बैठक बसली. टिपणं घ्यायला अर्थातच मी. आम्ही दोघं भाऊ एका घरात राहायचो. दादाने मला काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. शेवटी वहिनीच म्हणाली, “दोघं मुके झालात ते झालात, मीठ हवं असेल तर खूण तरी करा.”

समितीचा बेत साधा होता. पगार थोडा वाढवायचा आणि अर्धा तास कायमचा बंद करायचा. हिशेब अधिकाऱ्यांना आम्ही टाचणी म्हणायचो, कारण ते बारीक होते आणि प्रत्येक कागदाला टोचायचे. ते म्हणाले, “आधी तालीम करू. संघटनेच्या बाजूने कुणीतरी बोला.”

सभापतींनी माझ्याकडे पाहिलं. “तुमचे बंधू कसं बोलतात हो?”

“बोलत नाहीत, साहेब. आधी पाणी मागतात.”

“मग मागा.”

मी लेखणी ठेवली, दादासारखा चष्मा कपाळावर चढवला आणि पाणी मागितलं. अख्खा पेला सावकाश संपवला. दादा असंच करायचा. तेवढ्यात समोरचा निम्मा घायकुतीला यायचा.

“बोला की!” टाचणी म्हणाले.

“साहेब,” मी दादाच्या घोगऱ्या आवाजात म्हणालो, “तुमचा शर्ट द्या. नळाखाली धरून आणतो. तो अंगात घालून ही बैठक पुरी करा. वर पंखा चालूच राहू द्या. मग अर्धा तास कापा, आमची ना नाही.”

हे दादाचं वाक्य नव्हतं. मुकादमाने अर्धा तास नाकारला त्या दिवशी तो दारात कुडकुडत उभा होता, वहिनी त्याच्या शर्टाची बटणं सोडत होती आणि ‘हा साहेबांनाच घालायला द्या’ म्हणत होती. ते मी ऐकलं होतं, म्हणून तोंडातून निघालं.

सभापतींनी पंख्याकडे पाहिलं. त्यांना सर्दीचा त्रास होता.

“द्या हो त्यांना अर्धा तास,” ते म्हणाले.

“साहेब, ही तालीम आहे!” टाचणी ओरडले.

“मग तालमीत द्या!”

मी जागेवर येऊन लिहिलं : ‘संघटनेच्या वतीने अर्ध्या तासाची मागणी मांडण्यात आली. सभापतींनी ती मान्य केली.’ ‘तालमीत’ हा शब्द राहिला. पुढच्या बैठकीत इतिवृत्त नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे वाचलं असं समजून, कायम झालं. मान्य झालेल्या गोष्टींची नक्कल शिपायाने नेहमीच्या पद्धतीने फलकावर लावली. आमच्याकडे सगळं पद्धतशीर चालायचं.

वाटाघाटीच्या दिवशी दादा आला. पाणी मागितलं, प्यायला, फलकावरचा कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “आभार.”

टाचणी लालबुंद झाले. पण ठराव रद्द करायचा तर कारण लिहावं लागणार होतं : समिती आपल्याच कारकुनाकडून हरली. सभापती म्हणाले, “राहू द्या.” मला एक लेखी ताकीद मिळाली. ती मीच टंकलिखित केली, एकही शब्द न गाळता.

दादा घरी आला तो फुरंगटून. “तीन आठवडे भाषण पाठ करत होतो. वाया गेलं!” वहिनीने त्याला पाटावर बसवलं आणि म्हणाली, “इथे करा. आम्ही दोघं ऐकतो.” त्याने उभं राहून सगळं भाषण केलं. छान होतं. शर्टाचं त्यात काही नव्हतं.

आता वहिनी नाही. दादा ऐंशीचा झालाय. संध्याकाळी आम्ही दोघं नळखात्यासमोरच्या बाकावर बसतो. चरातून आलेली पोरं आत जातात आणि कोरड्या शर्टांत, भांग पाडून बाहेर येतात. आपण कुणाचा अर्धा तास वापरतोय हे त्यांना ठाऊक नाही, आणि ते बरंच आहे.

परवा दादाने इतक्या वर्षांनी विचारलं, “तालमीत माझं काम तू केलंस म्हणे. जमलं होतं का रे?”

“पाणी पिण्यापर्यंत तंतोतंत.”

“आणि पुढे?”

“पुढे वहिनीचं केलं.”

त्याने चष्मा कपाळावर चढवला, डोळे पुसले आणि माझ्याकडे पाणी मागितलं.