खिडकीच्या मापाचं दार

विद्यापीठाचं नवं नाट्यगृह उभं राहत होतं आणि नाट्यविभागाच्या सरांची झोप उडाली होती. चूक त्यांचीच, आणि तीही ऐकणारा हसेल अशी.

आजवर विभागाची नाटकं भोजनगृहात व्हायची. तिथलं मोठं दार स्वयंपाकघरातून, आणि आचारी कुणाला फिरकू देईल तर शपथ. म्हणून नेपथ्य मागच्या खिडकीतून आत जायचं. राजवाडा असो की जंगल, चार-चार फुटांचे तुकडे करायचे आणि आत नेऊन जोडायचे. यातच सरांचे केस पिकले. पुढे जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली, त्यातल्या एका बिस्किटवाल्याने मोठी रक्कम घातली आणि नकाशे झाले. आर्किटेक्ट बाईंनी विचारलं, "नेपथ्याला मागचं दार केवढं हवं?" सर म्हणाले, "चार फूट. पुष्कळ झालं." जित्याची खोड, दुसरं काय!

भिंत उभी राहिली आणि त्या दारासमोर सरांना आपली चूक उमगली. एवढा मोठा रंगमंच आणि दार न्हाणीघराचं. कुलगुरूंनी तर बजावलं होतं, आता छदामही मिळणार नाही. ज्यांनी विश्वासाने पैसे दिले, त्यांना तोंड कसं दाखवायचं?

"कोंबडं झाकल्याने उजाडायचं थांबत नाही," बायको म्हणाली. "जाऊन सांगून टाका."

सरांनी बांधकामावर जाऊन बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी हसू दाबलं.

"सर, मी तीनदा विचारलं, तुम्ही तीनदा पुष्कळ म्हणालात. मग मी तुमचं नाटक बघायला आले. पोरं खिडकीतून सिंहासन ओढत होती."

त्यांनी वर बोट दाखवलं. दाराच्या कितीतरी वर सिमेंटची रुंद तुळई आडवी गेली होती.

"भार सगळा तिच्यावर आहे. खाली नुसत्या विटा भरल्यात, काढल्या की झालं. तो खर्चही आधीच धरलाय."

"मग बोलला का नाहीत?"

"नाट्यगृह तुमचं. मागणं तुमच्या तोंडून यायला हवं होतं."

सर तिथेच सिमेंटच्या गोणीवर बसले. इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले, आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत.

"तर मग, केवढं उघडू?" बाईंनी विचारलं.

सरांनी हात पसरले. ते आपसूक खिडकीएवढ्या अंतरावर थांबले. मग सर उठून उभे राहिले आणि हात जातील तितके लांब नेले.

"अख्खं झाड आत येईल एवढं," ते म्हणाले. "न कापता."