टिन पॅराशूटची निवडक चौदा

"कुणाचा इस्वास बसायचा न्हाई, पर ह्यातलं एक गाणं आपल्या इस्लामपुरात जल्मलंय," असं म्हणत नानासोंनी पिशवीतून रेकॉर्ड काढली आणि नवरीचा शालू ठेवावा तशी टीपॉयवर ठेवली. कुठलं ते मात्र सांगितलं नाही. आधी ऐका, म्हणाले.

सांगलीच्या विश्रामबागेत आप्पासोंच्या हॉलमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला श्रोता मंडळ भरतं. आठ माणसं, सगळी निवृत्त. एकानं रेकॉर्ड आणायची, सगळ्यांनी मुकाट ऐकायची, मग आणणाऱ्यानं तिचा निकाल सांगायचा आणि उरलेल्या सातांनी हात वर करून ठरवायचं, कपाटात ठेवायची का परत न्यायची. नियम आप्पासोंचे. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, त्यांच्याकडं चहासुद्धा हजेरी घेतल्यासारखा येतो. त्या नियमांतला एक सध्या नानासोंच्या मानेवर बसला होता: लागोपाठ तीन रेकॉर्डी परत गेल्या, की त्या माणसानं पुन्हा निवडायची नाही, नुसतं ऐकायला यायचं. नानासोंच्या दोन परत गेल्या होत्या.

आता हा माणूस म्हणजे इस्लामपुरात चाळीस वर्षं बँड चालवलेला क्लॅरिनेट मास्तर. पुढचं गाणं कुठलं, हे त्यानं ठरवायचं आणि अख्खी वरात त्याच्या मागं चालायची. त्यानं आता दुसऱ्यांच्या आवडीवर मान डोलवत बसायचं? त्यापेक्षा रविवारी घरी टीव्ही बघितलेला बरा, असं ते बायकोला म्हणालेसुद्धा होते.

रेकॉर्ड पुण्याच्या जुन्या बाजारातली. 'टिन पॅराशूट' नावाचा विलायती बँड, ऐंशीच्या दशकातला. त्यांची गाजलेली चौदा गाणी एका तबकडीवर. पाकिटावर चार पोरं, खांद्यात कापूस भरलेले कोट घातलेली. त्यातल्या पुढच्याच्या डाव्या डोळ्यावर केसांचा पडदा.

आप्पासोंनी सुई टेकवली. नानासोंनी तबकडीकडं बघितलंच नाही. ते खाली बघत होते, लोकांच्या पायांकडं. तोंडं यजमानाची मर्जी राखतात, पाय राखत नाहीत, हे चाळीस वर्षांचं शिक्षण. दुसऱ्या गाण्याला आप्पासोंची टाच हलली. साखर कारखान्यात फिटर असलेल्या कृष्णातचे बूट शेवटपर्यंत जमिनीला चिकटून राहिले. लक्ष्मीबाईंच्या चपलाही गप्पच होत्या. पण दुसऱ्या बाजूचं चौथं गाणं सुरू झालं, कोरडा, कडक ठेका पडला, आणि बाईंचा अंगठा चपलेत दोनदा उचलला गेला. नानासो मनात म्हणाले, झालं आपलं काम.

मग त्यांनी उभं राहून निकाल सांगितला. गाणी सालवारीनं लावलीत, त्यामुळं एक गोष्ट लपत नाही: कोट सुधारत गेले, गाणी बिघडत गेली. पहिली तीन मांडवातून निघतानाची, लोकांच्या अंगात वारं येतं. चौथं-पाचवं चालायला बरी. कुणी थांबून नाचणार नाही, पण घोडंही अडणार नाही. सहावं मूळ तीन मिनिटांचं, ते ओढून सात मिनिटांचं केलंय. मुलीकडची माणसं उशिरा आली की आम्हीही हेच करायचो, पण ती आली की थांबायचो. गाणारा गार पाण्यात उभा राहिल्यासारखा गातो, आणि ते त्याला शोभतं. शेवटची दोन गाणी नवी, कुणी न मागितलेली. वरात दारात पोचल्यावर कोण वाजवतं? पण दुसऱ्या बाजूचं चौथं असं आहे, की त्याच्यासाठी बाकीची तेरा सांभाळावीत.

कृष्णातनं हिशेब काढला, की चौदातली सहाच चांगली निघाली, मग कपाट कशाला अडवायचं?

"तुज्या कारखान्यात सगळ्या उसाची साखरच हुती काय रं?" नानासो म्हणाले. "चोयट्या निगत्यात म्हणून ऊस परत धाडतोस व्हय?"

सगळे हसले, पण हसणं म्हणजे मत नव्हे. आप्पासोंनी हात मोजले. तीन वर, तीन खाली. राहिल्या लक्ष्मीबाई. छत्तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलेली बाई; औषधाच्या खोक्यातली चिठ्ठीसुद्धा वाचल्याशिवाय गोळी घेत नाहीत. त्यांनी पाकिटातला आतला कागद काढून नाकाजवळ धरला होता. मान वर न करता त्यांनी विचारलं, ते इस्लामपुरात जन्मलेलं गाणं कुठलं?

नानासोंना हेच हवं होतं. दुसऱ्या बाजूचं ते चौथंच, म्हणाले, आणि खुर्ची पुढं ओढून सुरू झाले. त्र्याऐंशी साल, उन्हाळ्याचे दिवस. पेठ नाक्यावर गोव्याला निघालेली बस बंद पडलेली. तिच्यातून एक लुकडा गोरा उतरला, त्यानं लांबून हलगी ऐकली आणि सामान सोडून वरातीमागं इस्लामपूरपर्यंत चालत आला. रस्सा खाल्ला, तीनदा पाणी प्याला, आणि म्हणाला, शिकवा. मग नानासोंनी त्याला तीन दिवस हलगी शिकवली. बोटं सोलून निघाली, पण पोरगं मागं हटलं नाही. चौथ्या दिवशी हलगी तापवायला उसाचं पाचट पेटवलं, हा उत्साहानं जास्तच वाकला, आणि भप्पकन डावी भुवई गेली. पण ठेका घेऊन गेला, आणि तोच त्यानं ह्या गाण्यात स्वतःच्या हातानं वाजवलाय.

"आता पाकिटावर बगा," नानासो बोट ठेवून म्हणाले. "डाव्याच डोळ्यावर केसं का सोडल्यात? समद्या जगाला वाटलं फॅशन हाय. भुवई न्हाई वो त्याला."

हॉलमध्ये सगळ्यांनी पाकीट बघितलं. कृष्णातनंसुद्धा बघितलं, आणि त्याचा हात मांडीवरून थोडा उचलला गेला.

लक्ष्मीबाईंनी कागदाची घडी घातली, चष्मा कपाळावर चढवला आणि हात वर केला. चार. आप्पासो रेकॉर्ड घेऊन कपाटाकडं वळले. नानासोंनी इतक्या जोरात श्वास सोडला, की टीपॉयवरचा पेपर हलला.

बाईंचा हात अजून वरच होता.

"रेकॉर्ड राहू दे, आप्पासो. त्या गाण्याला माझा पाय हलला, ते कशाला नाकारू? पण नानासो, प्रत्येक गाण्याखाली कुणी काय वाजवलं, ते या कागदावर लिहिलंय. तुमच्या त्या चौथ्या गाण्यात ढोल वाजवायला माणूसच नाही. ड्रम मशीन आहे. मग त्या पाचटात भुवई जळली कुणाची, मशीनची?"