नुसत्या मायनसचा चंद्र

आमच्या पावडर कोटिंगच्या वर्कशॉपमध्ये दादाला काम कमी आणि प्रश्न जास्त. काल गेटं रंगवायची सोडून म्हणतो, “छोटे, अख्खा चंद्र नुसत्या इलेक्ट्रॉनांचा केला तर?”

माझं डोकंच फिरलं. तरी नायलॉनच्या दोरीने लोखंडी गोळा टांगला, चार्ज जमिनीत उतरू नये म्हणून अर्थिंगची वायर मुद्दाम लावलीच नाही, आणि रंगाची गन चालवली. गनमधून सुटणारा पावडरचा कणन् कण मायनस चार्जचा, इलेक्ट्रॉनसारखाच. पहिले थोडे चिकटले, मग त्यांनीच मागून येणाऱ्यांना हाकलायला सुरुवात केली. पिवळा ढग आमच्याच तोंडावर आला.

“बघ! मायनसला मायनस खपत नाही. तुझा चंद्र बनायच्या आधीच फुटेल.”

“फुटेल गं, पण तुकडे कुठवर जातील?”

मी खेकसायला तोंड उघडलं आणि तशीच थांबले. खरंच, कुठवर? गन पुन्हा उचलली.

दारातून वहिनी ओरडली, “गेटं कधी होणार?”

“थांब गं!” आम्ही दोघं एकदमच तिच्या अंगावर गेलो.

वहिनीने आमची पिवळी तोंडं न्याहाळली. “चंद्राचं राहू द्या. हे दोन मायनस इतकी वर्षं एका छपराखाली कसे टिकले, ते आधी शोधा.”