दोघांचा रस्सा

भूक देश, धर्म, भाषा काही पाहत नाही. मात्र दक्षिण कोरियातल्या तेगू शहरातल्या त्या खानावळीत ती एकट्याला लागून चालत नाही; तिथे रस्सा कमीत कमी दोघांना मिळतो.

मंगोलियाहून शिकायला आलेल्या तेमूलेनने तीन महिने खोलीत एकट्याने नूडल्स खाल्ल्या होत्या. त्या संध्याकाळी तो मालकीणबाईंना म्हणाला, "मावशी, दोघांचं द्या. मैत्रीण येतेय."

मावशींनी दोन चमचे मांडले. रस्सा उकळून आटायला लागला.

"कुठे अडकली रे तुझी राणी?"

"बस चुकली तिची."

मावशी समोर बसल्या आणि त्यांनी दुसरा चमचा उचलला. "गेल्या आठवड्यात एका व्हिएतनामी पोराच्या मैत्रिणीचीही बस चुकली होती. जेव."

रस्सा दोघांना कमी पडला.