ओट्यावरची मोकळी जागा

वल्लरीने कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरच्या उभ्या रेघेवर बयाबाईंना नेमकं आणलं. तळेगावातली बँकेची नोकरी सांभाळून महिन्याभरापूर्वी तिने हा फोटो काढायचा नाद लावून घेतला होता. शिकवणाऱ्या मुकुलसरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की माणूस मधोमध कोंबायचा नाही. एका बाजूला ठेवायचा आणि पुढे जागा मोकळी सोडायची. नव्याचे नऊ दिवस, तिला जिकडेतिकडे रेघाच दिसत.

आंदर मावळातली ही म्हातारी मात्र न सांगताच ओट्याच्या एका टोकाला बसली होती.

“मावशी, तुम्हाला तर सगळं येतं की! अशीच जागा सोडायची असते.”

“ती आमच्या मालकांची जागा हाय,” बयाबाई म्हणाल्या.

त्यांचे मालक हौशीराम तीन वर्षांपूर्वी चुकलेली गाय शोधायला डोंगरात गेले, ते गेलेच. गाय तेवढी परत आली. कुंकू पुसा म्हणून गावाने सांगून पाहिलं, पण बयाबाई बधल्या नाहीत. आजही कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं.

“हलू नका हं. कॅमेरा आपोआप माणसाचं तोंड शोधतो. सापडलं की त्यावर पिवळी चौकट येते.”

बयाबाईंनी ओट्यावरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “जितं मानूस वाटंवर असतंय, पोरी. मेलेलं मातूर आपल्या जागंला येऊन बसतंय. बघ बरं, हितं कुनी घावतंय का.”

वल्लरीला हसू आलं. म्हातारीच्या समाधानासाठी तिने कॅमेरा थोडा मोकळ्या जागेकडे वळवला.

चौकट बयाबाईंच्या तोंडावरून सुटली आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, बसलेल्या माणसाचं डोकं येईल तेवढ्या उंचीवर जाऊन थांबली. वल्लरीने ओढणीने लेन्स पुसली. दुपारचं लख्ख ऊन होतं, मागची भिंत कोरी होती. चौकट तिथेच होती. मग ती किंचित हलली, कुणीतरी बयाबाईंकडे मान वळवावी तशी.

“दिसतंय का कुनी?”

वल्लरीची नजर त्या कुंकवावर गेली.

“नाही मावशी. कुणीच नाही.”

बयाबाई तिच्या हातांकडे बघत राहिल्या. कॅमेरा थरथरत होता.

“बरं,” त्या म्हणाल्या.

लुगडं सावरून, तळवे टेकत टेकत त्या ओट्यावर सरकल्या आणि अगदी मधोमध येऊन बसल्या. मग पदराचं टोक कपाळाला नेऊन त्यांनी कुंकू पुसलं.

“काढ आता. जागा सोडाया नगं.”