पोरीने बसवलेली पट्टी

"बघा, एक्क्याण्णव अंश," गेमवाला म्हणाला. "प्रोसेसर गार, मदरबोर्ड मात्र एक्क्याण्णव. आप्पांच्या वेळीही हेच."

टेबलावर कॉम्प्युटर उघडा पडला होता, पंखे जीव तोडून फिरत होते. तिने वाकून आकडा पाहिला. तिचे वडील, आप्पा, जाऊन दीड महिना झाला होता. त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान तिने उघडलं होतं ते आवराआवर करून किल्ली जागामालकाच्या हातात ठेवायला. तेवढ्यात हा गेमिंगचं यंत्र घेऊन दारात. चौकातल्या मोठ्या दुकानाने त्याला बोर्डच नवा घ्यायला सांगितलं होतं. घेण्याआधी एकदा शेवटचं बघा, म्हणाला.

मागच्या वर्षी तो चार वेळा आला होता. दर वेळी आप्पा यंत्रात डोकं खुपसून बसत आणि दर वेळी आकडा जागचा हलत नसे. चौथ्या खेपेला भरल्या दुकानात तो म्हणाला होता, "आप्पा, चष्मा बदला, नाहीतर धंदा बदला." लोक हसले, आप्पाही हसले. पण त्यानंतर गेमिंगचं यंत्र घेऊन कुणी आलं की ते स्वतःच चौकाकडे बोट दाखवू लागले. घरी जेवताना एकदाच म्हणाले की हातातलं कसब गेलं. तिने "काहीतरीच काय आप्पा" म्हणत भाजीचं भांडं पुढे सरकवलं होतं.

आता तिने त्यांच्यासारखंच बोट उलटं करून एकेका भागाजवळ नेलं. बोर्ड मागून हात लावू देत नव्हता. प्रोसेसरशेजारची ॲल्युमिनियमची पट्टी मात्र नुसती कोमट. ही पट्टी खालची उष्णता ओढून घ्यायला असते. खाली आग आणि वर काहीच नाही, म्हणजे मधे काहीतरी अडलं होतं.

तिने यंत्र बंद केलं, थोडं निवू दिलं, स्क्रू काढून पट्टी उचलली. खाली रबरासारखी मऊ गादी होती आणि गादीवर पारदर्शक फिल्म, कारखान्यातून आली तशी. बसवण्याआधी ती सोलायची असते. आप्पांनी तिला शिकवलेली ही पहिली गोष्ट. आणि ही गादी बदलली होती तिनेच, त्या चार खेपांच्या आधी एका रविवारी, एक डोळा घड्याळावर ठेवून.

मग आप्पांनी चार खेपांत ही पट्टी उचलली कशी नाही?

बाजूला ठेवलेलं झाकण तिने उलटं केलं. केलेलं प्रत्येक काम पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून ती झाकणाच्या आतून चिकटवायची, ही त्यांची जुनी सवय. बारीक अक्षर, शेवटी शेवटी थरथरलेलं. धूळ काढली, ९१. मागचा पंखा बदलला, ९१. वायरी बाजूला बांधल्या, ९०. पॉवर सप्लाय बदलून पाहिला, ९१. आणि सगळ्यांत खाली, आकड्याशिवाय: पट्टी पोरीने बसवली आहे. उघडायला नको.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. गेमवाल्याने घसा खाकरला.

तिने फिल्म सोलली, पट्टी बसवली, यंत्र चालू केलं. त्याने खेळ लावला. वीस मिनिटं दोघंही आकड्याकडे बघत बसले. अठ्ठावन्न. त्याच्या पुढे गेला नाही.

"एवढंसं प्लॅस्टिक," तो म्हणाला. "आप्पा विसरले म्हणायचे."

"मी विसरले. ती पट्टी मी बसवली होती."

त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. तेच तिला सहन होईना.

"जाऊ द्या ताई. मी काही चारचौघांत बोलणार नाही. वय झालं होतं त्यांचं."

"मी खरं सांगतेय. त्यांची चूक नव्हती."

"बरं, बरं," तो म्हणाला. सुतकातल्या घरी माणसं जशी मान डोलावतात तशी त्याने डोलावली. "बापाची बाजू घेणारी लेक लागते नशिबात."

गल्ल्याशेजारी आप्पांची पेन्सिल होती. त्यांच्या शेवटच्या ओळीखाली तिने लिहिलं: फिल्म माझ्याकडून राहिली होती. ५८. मग झाकण बसवायला घेतलं.

"स्क्रू चारही लावा हं, ताई," गेमवाला सहज म्हणाला. "आप्पा हल्ली एखादा विसरायचे."

तिने चारही लावले.